मागच्या नळाचं पाणी : चहा, डाळ आणि घरची बिअर

पोहरा (धागाकर्ता)

मंडळी, धागा लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

आम्ही दोघं सात वर्षं ग्लासगोत होतो. तिथे शेजारच्या एका आजोबांनी मला घरी बिअर करायला शिकवलं. आधी डब्यातल्या तयार काकवीसारख्या माल्टच्या पाकापासून, मग वर्षभराने थेट धान्यावर. म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, म्हणजेच माल्ट, भरडायचे, 66 अंशांच्या पाण्यात तासभर मुरवायचे, गाळायचे, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) घालून उकळायचं, गार करून यीस्ट सोडायचं आणि बायकोची बोलणी खात दोन आठवडे थांबायचं. (ब्रिटनमध्ये 1963 पासून घरच्यापुरती बिअर करायला परवाना लागत नाही, फक्त विकता येत नाही. महाराष्ट्रात दारूबंदी कायद्याखाली विनापरवाना हा उद्योग गुन्हा आहे. तेव्हा तिकडच्यांनी वाचायचं तेवढं वाचा, भांडी काढू नका.)

माझी एक फिकट सोनेरी पेल एल होती. साधी, हलकी, कडवटपणा जिभेवर येऊन लगेच निघून जाणारा. पाहुणे आले की हमखास मागायचे. त्या पाककृतीत पाण्याबद्दल एवढंच लिहिलेलं होतं: नळाचं पाणी 30 लिटर, चमचाभर जिप्सम (कॅल्शियम सल्फेट).

दोन वर्षांपूर्वी नोकरीमुळे लंडनच्या वायव्येला, हॅरोला आलो. तेच जव, तेच हॉप्स, त्याच कंपनीचं यीस्ट, तीच भांडी. पहिल्या बॅचला वास आला तो शाळेतल्या प्रथमोपचार पेटीचा. टिंक्चर, बँडेज, तसलं काहीतरी. आणि चव तुरट, कच्च्या सुपारीचं खांड चघळल्यासारखी.

वासाचं उत्तर शोधून सापडलं. पाण्यातलं क्लोरीन किंवा क्लोरामाइन माल्टमधल्या फिनॉलांशी जुळलं की क्लोरोफिनॉल तयार होतं, आणि ते इतक्या सूक्ष्म प्रमाणात नाकाला कळतं की लपवायला जागाच नाही. पाण्यात अर्धी कॅम्पडेन गोळी, म्हणजे मेटाबायसल्फाइट, चुरून टाकली की प्रश्न मिटतो. मिटला. तिसऱ्या बॅचपासून टिंक्चर गेलं.

तुरटपणा तसाच राहिला. कोणीतरी सांगितलं, लंडनचं पाणी जड आहे, आदल्या रात्री उकळून ठेव, क्षार तळाला बसतील, सकाळी वरचं निवळ ओतून घे. 30 लिटर पाणी अर्धा तास खळाखळा उकळलं. गॅसचं बिल आठवतं. सकाळी भांड्याचा तळ पाहिला तर स्वच्छ. बिअर पुन्हा तशीच, आणि वर एक मचूळ, बेचव झाक.

गंमत म्हणजे स्वयंपाकघरातली चहाची किटली पंधरा दिवसांत आतून पांढरी होते. आई गेल्या उन्हाळ्यात बार्शीहून आली होती. पहिल्याच दिवशी कपाकडे बघून म्हणाली, "या चहावर हा कसला तवंग रे? बार्शीच्या बोअरच्या पाण्याला पण असला येत नाही." पुढे तिने स्वतःच शोध लावला की मागच्या बाजूला कपडे धुवायची जी छोटी खोली आहे तिथल्या नळाचं पाणी बरं आहे, डाळ लवकर शिजते. मग ती स्वयंपाकाला आणि प्यायलाही तेच आणायची. माझा बिअरचा पसाराही त्याच खोलीत असतो, स्वयंपाकघरातून माझी हकालपट्टी झाली आहे.

तर प्रश्न दोन. पाणी कुठून येतं याने घरच्या बिअरला खरंच एवढा फरक पडतो का, की माझंच काहीतरी चुकतंय? आणि प्यायला हे पाणी ठीक का, की बाटल्या आणाव्यात?

---

टिवल्याबावल्या

खडकवासल्याचं पाणी प्यायलेल्या माणसाला जगात दुसरं कुठलंच पाणी गोड लागत नाही. एवढं नोंदवतो आणि पॉपकॉर्न घेऊन बसतो.

---

भंडारदरा

पोहराभाऊ, माझी उभी हयात पाणीपुरवठ्यात गेली, म्हणून पहिल्या अर्ध्या प्रश्नाचं सांगतो. बिअरमधलं मला कळत नाही.

ग्लासगोला पाणी येतं ते लॉख कॅट्रिन या तळ्यातून. सुमारे 55 किलोमीटर, तेही नुसत्या उतारावरून, पंप न लावता. 1859 मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या हस्ते ते सुरू झालं. आपला मुंबईचा विहार तलाव त्याच्या पुढच्याच वर्षीचा, 1860 चा. त्या काळात दोन्ही शहरं पाण्यासाठी डोंगराकडे तोंड करून बसली होती. कॅट्रिनचं पाणी म्हणजे जुन्या कठीण खडकावर पडलेला पाऊस. खडक विरघळत नाही, त्यामुळे पाणी जवळजवळ कोरं. भातसा, तानसा, वैतरणेचं पाणीही त्याच जातीचं, सह्याद्रीच्या काळ्या दगडावरून आलेलं पावसाचं पाणी.

तुमच्या हॅरोच्या भागातलं पाणी खडूच्या थरांतून झिरपून येतं. खडू म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं आणि खडू खात खात खाली जातं. नळापर्यंत येतं तेव्हा लिटरमागे 250 ते 300 मिलिग्रॅम कठीणपणा घेऊन येतं. ग्लासगोत हाच आकडा पंचवीस-तीसच्या पुढे सहसा जात नाही.

कोऱ्या पाण्याचीही एक खोड असते. ते शिशाच्या जुन्या नळ्या खातं. ग्लासगोत या कारणाने पाण्यात फॉस्फेट मिसळावं लागतं, म्हणजे नळीला आतून अस्तर बसतं. जड पाणी स्वतःच अस्तर धरतं. तेव्हा मऊ ते चांगलं आणि जड ते वाईट, असं सरसकट म्हणू नये.

प्यायला दोन्ही उत्तम. बाटल्या आणू नका.

---

खारपाण

अकोल्याचा आहे, आयडीवरून कळलंच असेल. आमच्याकडे पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीखालचं पाणीच खारट. विहीर खणली तरी गुरं तोंड फिरवतात. आमच्या आजीची पाण्याची परीक्षा एकच होती, त्यात तुरीची डाळ शिजते का. शिजली तर प्यायचं, नाही तर धुणं.

चहावरच्या तवंगाबद्दल: आमच्याकडे लग्नात आचारी नेहमी सांगतो, चहाला नळाचं पाणी द्या, बोअरचं नको. कारण त्याला विचारलं तर म्हणतो, "साहेब, रंग बसत नाही."

---

सुफेन

खारपाण, तुमच्या आजीची कसोटी अगदी शास्त्रीय आहे. डाळीच्या दाण्यातल्या पेशी पेक्टिनने चिकटलेल्या असतात. पाण्यातलं कॅल्शियम त्या पेक्टिनला पकडून आणखी घट्ट करतं, म्हणून जड पाण्यात दाणा फुटत नाही. मऊ पाण्यात, किंवा चिमूटभर खायचा सोडा घातला, की तीच डाळ गळते.

चहाच्या तवंगावरही काम झालेलं आहे. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात मायकेल स्पायरो आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये तो गोळा करून तपासला. चहातली द्रव्यं हवेने ऑक्सिडाइज होतात आणि त्याला पाण्यातलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट, दोन्ही लागतात. लिंबू पिळलं की तवंग जातो, दूध घातलं की वाढतो. म्हणजे आपल्या पद्धतीच्या चहावर हमखास येणार.

पोहरा, तुमचा धागा पुन्हा वाचते आहे. त्यात काहीतरी जुळत नाहीये. जरा वेळाने लिहिते, पेपर तपासायचे आहेत.

---

निळीटाकी

एवढी चर्चा कशाला? आरओ बसवा. आमच्या सोसायटीत टँकर येतो, टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, 900. मशीननंतर 35. आमचा आरओवाला म्हणतो 50 च्या आत म्हणजे अमृत. बिअरही अमृतासारखी होईल.

---

भंडारदरा

निळीटाकी, 900 च्या टँकरला आरओ लावलात ते योग्यच. पण तुमच्या आरओवाल्याच्या अमृताबद्दल थोडं बोलतो. तो जे पेन पाण्यात बुडवतो ते पाण्यातून वीज किती वाहते एवढंच मोजतं आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतं. तो क्षार कॅल्शियमचा की सोडियमचा, ते पेनाला कळत नाही. जंतू कळत नाहीत. लिटरमागे काही मायक्रोग्रॅम शिसं किंवा आर्सेनिक असेल तर त्याने आकडा हलतसुद्धा नाही. भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, टीडीएसची पसंतीची मर्यादा 500 आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत चालतं. 50 च्या आतच हवं असं कुठेही लिहिलेलं नाही. धरणाचं 80-100 टीडीएसचं पाणी आरओतून काढणं म्हणजे धुतलेला तांदूळ साबणाने धुणं, वर दोन-तीन बादल्या मोरीत सोडणं. 2019 मध्ये हरित लवादाने 500 च्या खाली आरओ नको असे निर्देश दिले होते ते काही उगाच नव्हे.

---

निळीटाकी

साबणाने तांदूळ, हे आवडलं. पण टँकर धरणातून भरतो की शेजारच्या बोअरमधून, हे सोसायटीच्या सेक्रेटरीलाही माहीत नाही. अशा ठिकाणी मशीन हाच आधार.

---

भंडारदरा

हे मात्र मान्य.

---

इसारकाठी

म्युनिकहून. बिअरच्या गावातून लिहितोय म्हणजे थोडा आगाऊपणा चालेल ना?

स्रोताने फरक पडतो का, याचं उत्तर युरोपातल्या जुन्या बिअरच देतात. चेक देशातल्या पिल्सेनचं पाणी इतकं कोरं की 1842 मध्ये योसेफ ग्रोलने तिथे फिकट माल्ट वापरलं आणि सोनेरी, नितळ पिल्सनर जमून गेली. आमच्या म्युनिकचं पाणी मांगफालच्या खोऱ्यातून येतं, चुन्याचं, चांगलंच जड. इथे शतकानुशतकं गडद तपकिरी डुंकेल होत आली. कारण गडद भाजलेलं माल्ट आंबट असतं, ते पाण्यातल्या चुन्याची खोड मोडतं. लोकांनी पाणी बदललं नाही, पाण्याला मानवेल ती बिअर केली. रसायनशास्त्र नंतर आलं.

आणि इंग्लंडातलं बर्टन-ऑन-ट्रेंट विसरून चालणार नाही. नावात ट्रेंट नदी आहे, पण बिअरवाले नदीचं पाणी वापरत नव्हते, विहिरींचं वापरत होते. त्या विहिरी जिप्समच्या थरांतल्या, सल्फेट भरपूर. त्याने हॉप्सचा कडवटपणा कोरडा, खणखणीत लागतो. 1822 च्या सुमारास तिथल्या ऑलसॉपने हिंदुस्थानात पाठवायला फिकट एल काढली आणि लंडनच्या हॉजसनची मक्तेदारी मोडली. मुंबई-कलकत्त्याच्या साहेबांनी जी इंडिया पेल एल ढोसली, तिची चव अर्धी बर्टनच्या विहिरीची होती. पोहरा, तुम्ही जो चमचाभर जिप्सम घालता तो त्याच विहिरीची नक्कल आहे.

एक विचारायचं राहिलं. ग्लासगोत पाकापासून करायचात तेव्हाच्या बिअरा कशा होत्या? पाकात कारखान्याच्या पाण्याचे क्षार आधीच आटलेले असतात, त्यामुळे घरचं पाणी कसंही असलं तरी क्लोरीन काढलं की भागतं. धान्यावर आलं की पाणी खरं बोलायला लागतं.

---

माडाचो_गांव

गोंयकाराची एक पिंक. आमच्या काजूच्या फेणीत पाणीच घालत नाहीत. बोंडू चिरडायचे, रस गाळायचा, तो आपोआप आंबतो, वरून यीस्टही नाही. पाणी फक्त भाटीच्या बाहेर, वाफ थंड करायला. त्यामुळे आमच्याकडे हा धागा निघणारच नाही. चालू द्या.

---

टिवल्याबावल्या

पॉपकॉर्न संपले. फेणी चालेल.

---

सुफेन

पेपर झाले. पोहरा, तुमच्या धाग्यातली तीन वाक्यं शेजारी शेजारी ठेवते.

एक. चहाची किटली पंधरा दिवसांत पांढरी होते.
दोन. बिअरसाठी 30 लिटर पाणी अर्धा तास उकळलं, तळ स्वच्छ.
तीन. मागच्या नळाच्या पाण्यात आईंची डाळ लवकर शिजते.

भंडारदरा म्हणतात तसं खडूचं पाणी असेल तर 30 लिटर उकळल्यावर तळाशी पाच-सहा ग्रॅम तरी पांढरी पूड पडायला हवी, चमचाभर तरी. बायकार्बोनेट उकळताना फुटतं, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि खडू परत खाली बसतो. शाळेत "तात्पुरता दुष्फेनपणा" म्हणून पाठ केलेलं तेच हे. तो पडला नाही, म्हणजे तुमच्या मागच्या नळात कॅल्शियमच नाही. एकाच घरात दोन वेगळी पाणी आहेत.

घरात कुठे वॉटर सॉफ्टनर आहे का? जिन्याखाली, कपाटात, सिंकखाली? एक पेटी असते, तिला मीठ घालावं लागतं.

---

पोहरा

सॉफ्टनर वगैरे काही नाही हो. आम्ही भाड्याने राहतो. मीठ घालायचं म्हणाल तर डिशवॉशरला घालतो आम्ही.

थांबा, बायकोला विचारतो.

---

पोहरा

मंडळी, काय सांगू.

मागच्या खोलीत सिंकखाली पांढरी पेटी आहे. मी दोन वर्षं तिला बॉयलरचा काहीतरी भाग समजत होतो. तिच्यात दर महिन्याला चार-चार किलोच्या मिठाच्या दोन विटा जातात. त्या विटा दुकानातून मी आणतो. मी समजत होतो डिशवॉशर खातो. बायको म्हणाली, "आठ किलो मीठ खाणारा डिशवॉशर बघितलायस कुठे?" घरमालकाने घर दाखवताना तिला सगळं समजावलं होतं, मी तेव्हा गॅरेज बघत होतो.

स्वयंपाकघरातला गार पाण्याचा नळ तेवढा थेट रस्त्याच्या लाइनवर आहे. बाकी मागचा नळ, न्हाणीघर, गरम पाणी, सगळं पेटीतून.

सुफेनताई, दंडवत. पण पाणी मऊच झालं असेल तर ग्लासगोसारखंच झालं ना? मग बिअर का बिघडते?

---

सुफेन

नाही ना, इथेच सगळे फसतात. मऊ आणि मऊ यात फरक आहे.

ग्लासगोचं पाणी मऊ, कारण त्यात मुळात काही नव्हतंच. तुमचं पाणी मऊ, कारण त्यातलं कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम बसवलंय. पेटीतली राळ तेवढंच करते, अदलाबदल. कॅल्शियमच्या जोडीला आलेलं बायकार्बोनेट होतं तिथेच राहतं. कॅल्शियम बायकार्बोनेट आत गेलं, सोडियम बायकार्बोनेट बाहेर आलं. म्हणजे खायच्या सोड्याचं पातळ पाणी! आईंची डाळ गळत होती ती म्हणून. आणि उकळून काही पडलं नाही तेही म्हणून, सोडा उकळून तळाला बसत नाही.

आता आकडे. तुमच्या भागातल्या कंपनीच्या संकेतस्थळावर पोस्टकोड घालून अहवाल बघा, पण साधारण कॅल्शियम 110 आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल मारण्याची ताकद, इथे ती बायकार्बोनेटची) 240 धरून चालू, लिटरमागे मिलिग्रॅम. माल्ट मुरवताना पीएच 5.2 ते 5.6 मध्ये हवा. अल्कलिनिटी तो वर ढकलते. कॅल्शियम माल्टमधल्या फॉस्फेटशी जुळून तो खाली ओढतं. दोघांची ओढाताण होऊन जे उरतं त्याला शिल्लक अल्कलिनिटी म्हणतात, हा हिशोब कोलबाख नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने बसवला. साध्या रूपात, अल्कलिनिटीतून कॅल्शियमचा 1.4 ने भागाकार वजा करा. स्वयंपाकघरातल्या नळाला 240 वजा 79, म्हणजे 160 च्या आसपास. फिकट बिअरला हवं शून्याजवळ, तेव्हा हेही जास्तच. पण मागच्या नळाला 240 वजा शून्य, सगळेच्या सगळे 240. तुम्ही दोन वाईटांतलं जास्त वाईट निवडलंत. वरून सोडियम लिटरमागे 130 मिलिग्रॅमने वाढलं, ती मचूळ झाक त्याची. पीएच चढला की जवाच्या टरफलातलं टॅनिन सुटतं, तुमची कच्ची सुपारी तीच.

---

इसारकाठी

सुफेन, असा मास्तर आम्हाला असता तर मी आज केमिस्ट असतो.

पोहरा, आता काय करायचं ते मी सांगतो. पहिली गोष्ट, पाणी स्वयंपाकघरातल्या गार नळाचंच घ्यायचं. मग ते उकळण्याचा उद्योग पुन्हा करून बघा, या वेळी खडू पडेल. अल्कलिनिटी सत्तर-ऐंशीपर्यंत येईल, कॅल्शियमही घटून चाळीसेक राहील, ते जिप्सम घालून वर आणायचं. गॅस वाचवायचा असेल तर अर्धं पाणी आरओचं मिसळा, मत्स्यालयाचं सामान विकणाऱ्या दुकानात कॅनने मिळतं. किंवा लॅक्टिक आम्ल. 30 लिटरची 240 अल्कलिनिटी 30 वर आणायला 88 टक्क्यांचं 10-11 मिलिलिटर लागेल, पण एवढं घातलं तर फिकट बिअरमध्ये ताकाची चव डोकावू शकते. मी मिसळण्याच्या बाजूचा.

अल्कलिनिटीचा आकडा अहवालात बऱ्याचदा नसतो. खाऱ्या पाण्याचे मासे पाळणाऱ्यांचा टेस्ट किट आणा, थेंब मोजायचे, रंग बदलला की थांबायचं.

नाहीतर माझं ऐका आणि आधी एक स्टाउट, म्हणजे काळी बिअर, करा. स्वयंपाकघरातलं पाणी जसंच्या तसं, फक्त कॅम्पडेन. काळ्या भाजलेल्या जवाला हेच पाणी हवं असतं.

---

रुईपान

बिअरच्या नादात एक गोष्ट बाजूला पडतेय. पोहराच्या आई मागच्या नळाचं पाणी पितही होत्या. त्यांना रक्तदाब आहे का?

---

पोहरा

आहे. गोळी चालू आहे. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

---

रुईपान

मी आहारतज्ज्ञ आहे, डॉक्टर नाही, म्हणून बेतानेच सांगते. 130 वाढले आणि मूळचं थोडं, असं लिटरमागे दीडशे धरा. दिवसाला दोन लिटर प्यायल्या तर 300 मिलिग्रॅम सोडियम नुसत्या पाण्यातून. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 2 ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. निरोगी माणसाला याने काही होत नाही, ब्रिटनची मर्यादाही 200 ची आहे. पण ज्याला डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय त्याने हे पाणी प्यायचं नाही, आणि तान्ह्या बाळाच्या दुधाच्या पावडरीलाही वापरायचं नाही. स्वयंपाकघरातला एक नळ पेटीच्या बाहेर ठेवतात तो याचसाठी. झालं ते झालं, घाबरू नका, पुढच्या वेळी आल्या की त्यांना सांगा.

डाळीला मात्र कुकर आहे की. वाटलं तर आदल्या रात्री भिजवा.

---

खारपाण

आणि मुतखड्याचं? आमच्याकडे सगळे म्हणतात जड पाण्याने खडा होतो. किटलीत होतो तर पोटात का नाही होणार?

---

रुईपान

किटलीत पाणी उकळतं, पोटात उकळत नाही. जड पाण्यानेच मुतखडा होतो असं सिद्ध झालेलं नाही. खडे बहुतेक कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात हे खरं, पण आहारातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं. कमी पाणी पिणं हा खरा शत्रू. विदर्भातल्या उन्हाळ्यात तर फारच. तुमच्या भागात फ्लोराइड तपासून घेणं जास्त महत्त्वाचं, ते चवीला कळत नाही आणि डाळ शिजवूनही कळत नाही.

---

भंडारदरा

रुईपान यांच्याशी पूर्ण सहमत. यवतमाळ-चंद्रपूरकडे हातपंपाचं नितळ, चवदार पाणी फ्लोराइडने भरलेलं पाहिलंय. पाणी जिभेला आवडणं आणि अंगाला सोसणं, यांची एकमेकांना ओळखसुद्धा नसते.

---

पोहरा (सात आठवड्यांनंतर)

धागा वर काढतोय.

किट आणला. स्वयंपाकघरातला नळ, अल्कलिनिटी 235. मागचा नळ, 235. तोच आकडा! सुफेनताईंनी लिहिलेलं वाचून पटलं होतं, पण थेंब मोजताना अंगावर काटा आला. पेटीने आठ किलो मीठ खाऊन अल्कलिनिटीला हातसुद्धा लावला नव्हता.

इसारकाठींचं ऐकून आधी स्टाउट केली. स्वयंपाकघरातलं पाणी, अर्धी कॅम्पडेन, बाकी काही नाही. बायको सहसा एक घोट घेऊन ग्लास परत देते. या वेळी ग्लास परत आला नाही.

मग पेल एल. पाणी अर्धं आरओचं, अर्धं नळाचं, दीड चमचा जिप्सम, दोन-अडीच मिलिलिटर लॅक्टिक. मुरवलेल्या माल्टचा पीएच 5.4. काल पहिली बाटली उघडली. तुरटपणा नाही, मचूळपणा नाही. ग्लासगोची बिअर मात्र ती नव्हे. जास्त कोरडी आहे, कडवटपणा जरा रेंगाळतो. ते जिप्सम वाढवल्याने असेल, पुढच्या खेपेला चमचाभरच घालेन. की ही अशीच ठेवावी, ठरत नाहीये. ग्लासगोच्या आजोबांना दोन बाटल्या कुरियर केल्यात.

आईला फोनवर सगळं समजावलं. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे तुझ्या घरात सोड्याचा नळ आहे. मग ढोकळ्याला बरा."

---

सुफेन

आईंना सांगा, ढोकळ्याला नाही पुरायचा. दोनशे ग्रॅम पिठाला लागणारा सोडा त्या नळातून काढायचा तर सात-आठ लिटर पाणी ओतावं लागेल. छोले मात्र रात्री त्यात भिजवा आणि सकाळी पाणी फेकून द्या.

---

टिवल्याबावल्या

वाचनखूण साठवली. आता घरातल्या सगळ्या सिंकांखाली वाकून बघतोय. आमच्याकडे फक्त कांदे-बटाटे निघाले.